समेट प्रभुभोजनाआधी हवा

संपादक महोदय,

अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असतो. बाकाच्या दोन टोकांना बसलेले सख्खे भाऊ एकाच भाकरीचे तुकडे घेतात आणि बाहेर पडताना एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. वाद बहुधा शेताच्या बांधाचा, आईच्या दागिन्यांचा नाहीतर उसन्या पैशांचा. विश्वासात वाढावे म्हणून आपण उपास धरतो, उज्जीवन सभांना जातो. ही वाढ खरी अडते ती त्या बाकावर, आणि होते तीही तिथेच.

बायबलमध्ये मत्तय 18:15-17 मधला क्रम स्पष्ट आहे: आधी दोघांनीच एकांती बोलायचे, मग एकदोघांना सोबत न्यायचे, शेवटी मंडळीला सांगायचे. आपण तो उलटा चालवतो. आधी व्हॉट्सॲप, मग पाळकसाहेब, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याला सगळ्यात शेवटी कळते. प्रार्थनासभेत ‘अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा, तिथे फार बिघडलंय’ असे म्हटले की चहाडीला आमेन मिळतो.

पहिल्या भेटीला जाताना एकाच प्रसंगाचे बोला: काय घडले, कधी, त्याने काय लागले. ‘तू नेहमी असाच’ म्हटले की बोलणे संपलेच. आधी दोन ओळी कागदावर लिहा. चर्चच्या आवारात उभ्या उभ्या नको, जेवणाच्या वेळी नको. आपली चूक असेल तेवढी आधी कबूल करा; ‘पण’ लावून नव्हे. मत्तय 5:23-24 मध्ये, अर्पण वाहण्याआधी, ज्याने दुखावले त्याला जायला सांगितले आहे, 18 व्या अध्यायात ज्याला दुखावले त्याला. म्हणजे ‘त्याने आधी यावे’ म्हणायला दोघांपैकी कोणालाच जागा उरत नाही.

दुसऱ्या पायरीला आपला मेहुणा नेऊ नका. साक्षीदार दोन्ही बाजू ऐकायला असतात, आपले वजन वाढवायला नव्हे. बांधाचा वाद असेल तर सरकारी मोजणी करून घ्या. क्षमेने हद्द ठरत नाही. पैशांचा असेल तर रक्कम आणि हप्ते लिहून काढा.

क्षमा म्हणजे झालेले नुकसान किरकोळ मानणे, असे अनेकांना वाटते. येशूच्या एका दाखल्यात राजा एका चाकराचे मोठे कर्ज माफ करतो, पण तो चाकर आपल्या सोबतीच्या चाकराला कर्जासाठी धरतो. या दुसऱ्या चाकराचे देणे 100 दिनार होते आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तीन महिन्यांहून अधिक मजुरी! ही रक्कम खरी आहे, बोचणारी आहे. पहिल्या चाकराला माफ झालेले 10,000 तलांत म्हणजे सुमारे 6 कोटी दिवसांचा रोज, त्याच्याशेजारी ती ठेवायची आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण स्वतः काय केले हे सांगणारे वाक्य एकच आहे, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे’. ज्याचा राग येतो त्याचे नाव मनात घेऊन ते म्हणून पाहा. जीभ अडते तिथे आपल्याला कृपेची खरी गरज कळते.

वेळ लागतो. 1895 साली कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. रोमकरांस पत्रातही ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके’ सर्वांशी शांतीने राहा, असेच म्हटले आहे. प्रेषित पौल आणि बर्णबाही आपला सोबती मार्क याच्यावरून वेगळे झाले होते; पुढे पौलानेच मार्काला बोलावून घेतले.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायची आहे. मार खाणाऱ्या बाईला ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा कर असे ऐकवून परत पाठवणे हे पाप आहे. तिथे एकांतातली पहिली पायरी लागू नाही. तिला आधी सुरक्षित जागी न्या, 181 वर फोन करा, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण मागायला मदत करा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ती मंडळीच्या बैठकीत मिटवायची बाब नाही.

पाळकांना विनंती आहे की प्रभुभोजनाची सूचना आदल्या रविवारी द्यावी आणि सोबत मत्तय 5:23-24 वाचावे. म्हणजे त्या दोन भावांना एकमेकांच्या घरी जायला मध्ये सहा दिवस मिळतील.

– मंडळीत समेटाचे काम पाहणारे दोन वडील (मंडळीचे पुढारी), अहिल्यानगर जिल्हा