रजिस्टर जुळलं, काका!

आदरणीय काका, सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तोंडावर आभार मानले तर "गप चहा पी" म्हणाल.

मंगळवार पेठेत लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा महिनाभर एकाच फोटोशी झटापट चालली होती. नासाच्या जुनो यानाने 25 फेब्रुवारी 2022 रोजी गुरूजवळच्या 40व्या फेरीत टिपलेली, गुरूच्या गॅनिमीड या चंद्राची गुरूवर पडलेली सावली. यानावरच्या जुनोकॅम या कॅमेऱ्याचा कच्चा माल कुणालाही फुकट मिळतो, पण तो फोटो नसतोच. निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून आलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, प्रत्येकी 128 पिक्सेल उंचीच्या. यान मिनिटाला साधारण 2 गिरक्या घेतं, तसतशी गुरूची एकेक पट्टी टिपली जाते. जोडून रंग चढवायचे आपण.

माझ्या सावलीला एका कडेला तांबडी, दुसऱ्या कडेला निळी किनार सुटत होती. मी कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो. तुम्ही खिशातलं भिंग काढून थेट स्क्रीनला लावलंत (हसू कसं दाबलं माझं मला ठाऊक) आणि म्हणालात, "रजिस्टर हललंय की रं!" रजिस्टर म्हणजे छपाईत सगळे रंग एकमेकांवर नेमके बसणं. ऑफसेट छपाईच्या मशीनवर जन्मभर लग्नपत्रिका आणि जत्रेची पोस्टरं छापलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

मी रडगाणं लावलं: गुरूची कड जुळवली की सावली सुटते, सावली धरली की कड. तुम्ही म्हणालात, "कागद पाणी पितो, पसरतो. एक कोपरा जुळला म्हणून ताव जुळत नसतो." इथं कागद नव्हता, पण ढगांपासून 71 हजार किलोमीटरवरून यान सुसाट पळत होतं; दर पट्टीला त्याची जागा वेगळी! मग तुम्ही सांगितलंत तसा हिरवा जागेवर ठेवला आणि लाल-निळा पट्टीगणिक वेगवेगळा सरकवला, ढगांच्या कडा धरून. आठ रात्री गेल्या.

किनार गेली. राहिला तो काळा, अंड्यासारखा लांबट डाग. बुधापेक्षा मोठा चंद्र, गुरूपासून जवळपास 11 लाख किलोमीटरवर, आणि त्याची ही सावली! त्या डागातून वर पाहिलं तर खग्रास ग्रहण. उभं राहायला गुरूवर जमीन नाही, ते सोडा.

प्रिंट बघायला घरी आलात, पुन्हा भिंग. "काळा जरा जास्त मारलास." खरं होतं, कॉन्ट्रास्ट मी ओढला होता.

त्या गडबडीत भिंग माझ्या टेबलावरच राहिलंय. आणून देतो, पण सप्टेंबर 2019 मधली आयोची, म्हणजे गुरूच्या दुसऱ्या एका चंद्राची, सावली जुळवायची आहे. तेवढी कळ काढा.