स्कारबरोच्या ग्रँड हॉटेलबद्दल, लेकीस

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, स्कारबरोला जाऊन काय करू? ते ग्रँड हॉटेल आता बसगाड्यांतून सहलीला येणाऱ्या पेन्शनर लोकांचं झालंय. त्याची रया गेली." तेव्हा आईला तुझ्याशी बोलायचं होतं म्हणून मी विषय वाढवला नाही, पण तुझं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मागच्या उन्हाळ्यात तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा तू ऑफिसात असताना लीड्सहून थेट गाडी धरून मी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या गावी जाऊन आलो होतो. सगळी नोकरी बांधकाम खात्यात काढली मी. त्या इमारतीची रया गेली असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

तुझ्याच गावापासून सुरुवात करतो. लीड्सचा टाउन हॉल तू रोज बसच्या खिडकीतून बघतेस. तो बांधणारा कथबर्ट ब्रॉड्रिक हा हल गावचा. टाउन हॉलची स्पर्धा जिंकली तेव्हा गडी जेमतेम तिशीचा होता. 1858 साली उद्घाटनाला खुद्द व्हिक्टोरिया राणी आली. तू जिथे कानातली घेतलीस त्या कॉर्न एक्स्चेंजचा लंबगोल घुमटही त्याचाच. ग्रँड त्याच माणसाचं. 1867 साली ते उघडलं, तेव्हा युरोपातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलांत त्याची गणना होत होती.

हॉटेलची माहिती देणारा प्रत्येक जण आधी आकडे सांगतो: चार मनोरे म्हणजे चार ऋतू, बारा मजले म्हणजे महिने, 52 धुराडी म्हणजे आठवडे आणि 365 खोल्या म्हणजे दिवस. शिवाय राणीच्या मानासाठी सगळी इमारत इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची. कल्पना सुरेखच आहे, पण माझं लक्ष धुराड्यांकडे गेलं. धुराडं आलं म्हणजे खाली कोळशाची शेगडी आली. रोज पहाटे कोणीतरी त्या शेगड्यांतली राख काढायची, कोळसा वर चढवायचा, आणि साहेब-मडम जागे व्हायच्या आत खोली ऊबदार करून निघून जायचं. त्या पोरींची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

इमारतीचं खरं कसब जागेत आहे. ती भर कड्यावर बसवली आहे. आपल्याकडे उतारावरचं घर कसं रस्त्यावरून एकमजली दिसतं आणि मागच्या आगरात उतरलं की त्याला आणखी दोन मजले फुटतात, तसंच हे. गावाच्या बाजूने बघितलं तर मोठं पण बेताचं वाटतं. मग खाली वाळूवर उतरून मान वर केलीस की कळतं! कड्याच्या पोटातून एकावर एक मजले चढत गेलेत आणि माथ्यावर ते चार घुमटी मनोरे. मी भिंतीला अगदी हात लावून आलो. पिवळसर तांबूस विटा आहेत. उत्तर समुद्राचा खारा वारा खात ती वीट दीडशेहून जास्त वर्षं उभी आहे. खाऱ्या हवेत गिलावा कसा फुगतो आणि लोखंड कसं पापुद्र्यांनी सुटतं, हे मी रत्नागिरीत जन्मभर बघतोय. त्यामुळे तिथे उभं राहून मला काय वाटलं असेल, ते तुला वेगळं सांगायला नको.

एवढं मोठं हॉटेल तिथेच का? त्याचं कारण पाणी. सतराव्या शतकात तिथल्या एका बाईला कड्याखालून झिरपणाऱ्या पाण्याने दगड तांबूस झालेले दिसले. पाणी औषधी आहे असा बोभाटा झाला आणि श्रीमंत लोक ते प्यायला येऊ लागले. पुढे डॉक्टर मंडळी समुद्रस्नान सांगू लागली. 1845 साली यॉर्कहून रेल्वे आली आणि गावाचं नशीबच पालटलं. समुद्राच्या पाण्यावर तर इतका विश्वास, की ग्रँडच्या न्हाणीघरांत नळांची एक जादा जोडी होती: गोडं पाणी वेगळं, समुद्राचं वेगळं. खोलीतल्या टबात बसून समुद्रस्नान!

हॉटेलच्या आधी त्या जागेवर भाड्याने द्यायच्या खोल्यांची घरं होती. त्यातल्या एका घरात 28 मे 1849 रोजी इंग्रजी कादंबरीकार ॲन ब्राँटी वारली. क्षयाने पोखरलेली ती पोर समुद्राच्या हवेने बरं वाटेल या आशेने बहीण शार्लटबरोबर आली होती. शेवटच्या दिवसांत ती वाळूवर गाढवाच्या गाडीत बसून फिरायला गेली, आणि हाकणारा पोरगा गाढवाला फार पिटाळेल म्हणून लगाम तिने स्वतःच्या हातात घेतला. दोन-तीन दिवसांत ती गेली. पाटी हॉटेलच्या भिंतीवर आहे. तिची कबर वर सेंट मेरी चर्चपाशी, किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथल्या दगडावर वय 28 कोरलंय, पण ती 29 वर्षांची होती. तेवढा चढ चढून जाच.

पुढे 16 डिसेंबर 1914 ला सकाळी आठच्या सुमाराला दोन जर्मन युद्धनौका खाडीसमोर आल्या आणि त्यांनी गावावर तोफा डागल्या. घरात, रस्त्यावर साधी माणसं मेली. कड्यावरच्या ग्रँडइतकं ठळक निशाण दुसरं कुठलं असणार? त्यालाही गोळे लागले. दुसऱ्या महायुद्धात मखमली पडद्यांच्या त्याच खोल्यांत विमानदलाची शिकाऊ पोरं राहिली. त्यांचीही पाटी आहे.

आता तुझ्या 'रया'बद्दल. 1938 साली ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा झाला. बिली बटलिन नावाच्या माणसाने त्याआधीच, 1936 मध्ये, स्केगनेसला आपली पहिली सुट्टीची वसाहत उघडली होती. आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी, ही त्याची जाहिरात. तुझ्या लीड्स-ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत आणि खाणींत राबणारी कुटुंबं पोराबाळांसकट समुद्रावर जाऊ लागली. स्कारबरोजवळ फायलीलाही त्याची मोठी वसाहत होती. आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी त्याच बटलिन्स कंपनीने ग्रँड विकत घेतलं! ज्या हॉटेलात पूर्वी गिरणीमालक उतरायचे, तिथे गिरणी कामगार जेवणाच्या टेबलाशी बसला. जिची आजी कदाचित त्या शेगड्यांची राख काढत असेल, ती बाई समुद्राकडच्या खोलीत झोपली. याला तू रया जाणं म्हणतेस? मला तर त्या इमारतीच्या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वात मोलाचा वाटतो. तुझे आजोबा लालबागला गिरणीत होते. त्यांना अशी एक आठवडाभराची सुट्टी बायको-मुलांसकट कधी मिळाली नाही. मुंबईचा समुद्र एवढा जवळ, पण तो त्यांनी रविवारी संध्याकाळी चौपाटीवर उभ्यानेच बघितला.

मी गेलो तेव्हा हॉटेलसमोर एक बस रिकामी होत होती. सत्तरी उलटलेल्या एक बाई काठी टेकत उतरल्या आणि आधी सामानाकडे न बघता कठड्याशी जाऊन समुद्र बघत उभ्या राहिल्या. मी त्यांना विचारलं, पहिल्यांदाच आलात का? म्हणाल्या, नाही, लहानपणी वडिलांबरोबर यायचे, तेव्हा हे हॉटेल फक्त खालून बघायचे.

तर जा. मैत्रिणींनाही घेऊन जा. भरतीची वेळ आधी बघून ठेव, कारण इमारत वाळूवरूनच नीट दिसते आणि भरतीला वाळू फारशी उरत नाही. शेजारचा 1827 चा पूल ओलांडून स्पाकडे, म्हणजे त्या औषधी पाण्याच्या जागेकडे, गेलीस की मागे वळून बघ. तिथून घुमट चांगले दिसतात. वसंतात गेलीस तर त्याच पुलावर आणि हॉटेलच्या कंगोऱ्यांवर किटिवेक नावाचे समुद्रपक्षी घरटी करून कलकलाट करत असतील. हिवाळा अटलांटिकवर काढून ते अंडी घालायला दरवर्षी इथे येतात. खाण्याची पुडी मात्र सांभाळ, तिथले मोठे सीगल हातातून चिप्स पळवतात.

आणि विटांचे जवळून काढलेले दोन-तीन फोटो पाठव. विटांमधले सांधे कसे भरले आहेत ते मला त्या दिवशी नीट बघता आलं नाही, पाऊस आला. आईने मेतकूट आणि कुळथाचं पीठ कुरिअर केलंय. पोचलं की कळव.

तुझा,
बाबा