चि. मीनलला पत्र

अपशिंगे, जि. सातारा

चि. मीनल हिस बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लेहच्या छावणीतली जुनी एमआय रूम, म्हणजे जवानांना तपासायची खोली, आणि दंतविभाग यांच्या जागी नवा दवाखाना व्हायचा आहे व त्याचा आराखडा तुझ्याकडे आला आहे, हे ऐकून ऊर भरून आला. पण विमानातून उतरल्याबरोबर जागा पाहायला जाणार, असे तू बोलता बोलता म्हणालीस, तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. तिथे येणाऱ्या धडधाकट जवानालाही फौज 6 दिवस शरीर रुळायला देते आणि त्यांतले पहिले 2 दिवस निव्वळ विश्रांतीचे असतात. तू निदान तेवढे पाळ.

आता कामाचे. हवा विरळ असल्याने दंतखुर्चीचा कॉम्प्रेसर आणि जनरेटर तिथे खालच्यापेक्षा कमी ताकदीने चालतात, म्हणून त्यांची क्षमता उंचीच्या हिशेबाने धर. कॉम्प्रेसरची खोली रुग्णांपासून दूर असावी, पण उबदारही असावी, कारण हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरतो आणि खुर्चीच्या बारीक नळ्यांत राहिलेले पाणी गोठले की नळ्या फुटतात. दंतविभागाला दुय्यम समजू नकोस. वरच्या चौकीवर दाढ सुजली आणि हवामान बिघडले, तर हेलिकॉप्टरही येऊ शकत नाही. म्हणून दात खाली लेहमध्येच, त्या 6 दिवसांत तपासून व्हावेत आणि त्यासाठी दोन्ही विभागांचा प्रतीक्षाकक्ष एकच, ऐसपैस, दक्षिणेकडून ऊन घेणारा असावा. नवा दवाखाना पुरता सुरू होईपर्यंत जुन्याची एक वीटही हलवू देऊ नकोस.

स्ट्रेचर वळेल एवढी जागा मात्र प्रत्येक कोपऱ्यावर ठेव. एका ठाण्यावर आम्ही हापो, म्हणजे उंचीवर फुफ्फुसांत पाणी भरण्याचा आजार, झालेल्या पोराला आत नेत होतो. रात्री नुसता कोरडा खोकला होता, पहाटे छातीत घरघर आणि ओठांवर गुलाबी फेस. बोळाच्या वळणावर स्ट्रेचर अडकला, तो तिरका करताना त्याच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क निसटला आणि मी तो हाताने दाबून धरून पुढे चाललो. पोरगा वाचला. तोही विमानानेच आला होता, मीनल, आणि पहिल्याच दिवशी सामान उचलायला धावला होता.

पुन्हा मी शिकवायलाच बसलो, रागावू नकोस. तू शिकलेली आर्किटेक्ट आहेस, ही कलमे तुला ठाऊकच असतील. आत्याने तुझे नाव साऱ्या आळीत सांगितले आहे आणि आईने लोकरीचे मोजे बांधून ठेवले आहेत, ते घेतल्याशिवाय निघू नकोस.

पोहोचलीस की फोन कर. डोके दुखले, खोकला आला किंवा मळमळले, तर कामाच्या भरात लपवू नकोस. त्याच जुन्या एमआय रूममध्ये जाऊन बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन मोजून घे आणि आकडा मला कळव.

तुझे,
बाबा