आठवीच्या गणित सरावसंचातील शेकडेवारीच्या चुकीच्या उत्तरांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : ‘शेकडेवारी : उत्पन्न, खर्च आणि नफा’ या प्रकरणातील चुका दुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठीचा गणित सरावसंच मी जून महिन्यात १,४५० रुपये भरून माझ्या मुलीसाठी घेतला. त्यातील वरील प्रकरणाबद्दल मी आपल्या मदत क्रमांकावर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ‘उत्तरे तज्ज्ञांनी तपासलेली आहेत’ एवढे सांगून तक्रार बंद करण्यात आली. उदाहरण उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, म्हणून ते लेखी मांडत आहे.

उदाहरण १४ असे आहे : ‘एका दुकानाचे विक्रीचे उत्पन्न २० टक्क्यांनी वाढले आणि खर्च ३० टक्क्यांनी वाढला, तर नफ्यात शेकडा किती घट झाली?’ उत्तरसूचीत १० टक्के असे उत्तर असून रीत म्हणून ‘३० – २० = १०’ एवढी एकच ओळ छापली आहे. परंतु यातले वीस टक्के उत्पन्नाचे आहेत आणि तीस टक्के खर्चाचे. दोन वेगवेगळ्या रकमांवरचे टक्के एकमेकांतून वजा करता येत नाहीत.

लालबागला आमचा चिवड्याचा छोटा गाळा आहे आणि त्याच्या हिशेबाची वही मी स्वतः लिहिते, त्यामुळे हे उदाहरण वाचताच मला खटकले. समजा, महिन्याची विक्री १,००,००० रुपये आणि पोहे, तेल, शेंगदाणे, मजुरी, भाडे असा सगळा खर्च ८०,००० रुपये आहे. नफा २०,००० झाला. आता विक्री १,२०,००० आणि खर्च १,०४,००० झाला, तर हातात १६,००० उरतात, म्हणजे नफा २० टक्क्यांनी घटला. पण त्याच एक लाखाच्या विक्रीवर खर्च मुळात ५०,००० असता, तर तो वाढून ६५,००० झाला असता आणि नफा ५०,००० वरून ५५,००० वर गेला असता. इथे घट तर नाहीच, उलट १० टक्के वाढ आहे. विक्री ९०,००० आणि खर्च ६०,००० धरला, तर आधीचा नफा ३०,००० आणि नंतरचाही ३०,०००च. वाढीचे टक्के तेच ठेवून तीन निरनिराळी उत्तरे येतात, याचा अर्थ मूळ खर्च उत्पन्नाच्या किती टक्के होता हे सांगितल्याशिवाय हे उदाहरण सुटूच शकत नाही. ‘सुरुवातीला खर्च उत्पन्नाच्या ८० टक्के होता’ एवढे एक वाक्य प्रश्नात घातले असते, तरी चालले असते.

चूक एवढ्यावर थांबत नाही. उदाहरण १९ मध्ये ४०० रुपयांच्या मालावर १०० रुपये वाहतूक व हमाली होते आणि माल ६०० रुपयांना विकला जातो. त्यावर आपण शेकडा नफा ५० दिला आहे. शेकडा नफा एकूण खरेदीवर काढायचा असतो आणि वाहतूक व हमाली त्या खरेदीतच धरायची असते, हे शाळेत सहावीपासून शिकवतात. एकूण खरेदी ५००, नफा १००, म्हणून उत्तर २० टक्के. उदाहरण २२ मध्येही किंमत २५ टक्क्यांनी वाढवून तिच्यावर २० टक्के सूट दिल्यास ५ टक्के नफा होतो असे म्हटले आहे. प्रत्यक्षात १०० चे १२५ होतात, त्यांवरची सूट २५ रुपये, आणि दुकानदाराला नफा शून्य.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे पत्र लिहायला बसले, ती सांगते. मुलीच्या वहीत १४ व्या उदाहरणाखाली कागद खोडरबराने घासून इतका पातळ झाला आहे की पलीकडची अक्षरे दिसतात. खोडलेल्या जागी उजेडात धरल्यावर वाचता येते : ‘माहिती अपुरी आहे.’ त्यावर तिने गडद पेन्सिलीने ‘१०%’ लिहिले आहे. तिचे बरोबर होते. छापील उत्तर जुळेना, म्हणून तिने स्वतःचा विचार खोडून टाकला, आणि मी विचारले तेव्हा ‘पुस्तक कसे चुकेल, आई?’ असे म्हणाली. आपला संच घेतलेल्या आणखी किती मुलांनी असे केले असेल, या विचाराने मला फार वाईट वाटते. घरी हिशेब समजणारे कोणी नसेल, त्या मुलाला ही चूक कोण दाखवणार?

म्हणून माझी मागणी अशी की, या तीन उदाहरणांची शुद्धिपत्रिका रीतीसह छापून सर्व खरेदीदारांना पाठवावी, संपूर्ण प्रकरणाची उत्तरसूची गणिताच्या शिक्षकाकडून नव्याने तपासून घ्यावी, आणि मला संचाची पूर्ण रक्कम परत करावी. रक्कम परत देऊन शुद्धिपत्रिकेचा विषय मिटवू नये. दोन्हींपैकी एकच शक्य असेल, तर मी शुद्धिपत्रिका मागेन. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

सोबत खरेदीच्या पावतीची, तिन्ही उदाहरणांच्या पानांची आणि मुलीच्या वहीतील त्या पानाची छायाप्रत जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक व पालक,
लालबाग, मुंबई.