लॅपटॉप भंगारात देऊ नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर मी बोलत होते आणि तुमच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. आई कानामागे हात धरून पडद्याकडे सरकत राहिली, शेवटी मला फक्त तिचा कान आणि कुडी दिसत होती. ते डोळ्यांपुढून जात नाही. मागाहून बाबांनी फोनवर सांगितलं, "स्पीकर गेलाय, देऊन टाकू भंगारात."

बाबा, माझी जवळजवळ खात्री आहे की स्पीकर शाबूत आहे. दोन जीबी मेमरीत विंडोज रांगत होतं म्हणून मी लॅपटॉपवर त्याच्या जागी हलकं लिनक्स, म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, घातलं. हलकं ठेवायचं म्हणून त्यात पल्सऑडिओ, पाइपवायर असले मधले प्रोग्राम नाहीत. आवाजाचं सगळं काम थेट अल्सा, म्हणजे लिनक्सची आवाजाची यंत्रणा, बघतं. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीपासून ते लिनक्सच्या मुख्य गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आहे, भरवशाचं आहे. पण नवं साउंड कार्ड, म्हणजे आवाज काढणारा भाग, दिसलं की अल्सा त्याचे चॅनल, म्हणजे आवाजाच्या वाटा, बऱ्याचदा बंदच ठेवतं. बसवल्यावर मी आवाज तपासून बघायला हवा होता, तो राहिला.

सोबतच्या कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत तीन आज्ञा लिहिल्यात. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून पहिली टाइप करा आणि एंटर दाबा. काळ्या पडद्यावर उभे खांब दिसतील. खांबाच्या पायाशी 'एमएम' असेल तर तो चॅनल बंद आहे. डाव्या-उजव्या बाणाने त्यावर जा आणि कीबोर्डवरचं 'एम' एकदाच दाबा. 'एमएम' जाऊन तिथे दोन शून्यं आली की तो उघडला. मग वरचा बाण दाबून खांब चढवा. मास्टर, स्पीकर आणि पीसीएम हे तिन्ही बघा. एकटा मास्टर उघडून भागत नाही.

खांब एक-दोनच दिसले किंवा दिसलेच नाहीत, तर घाबरू नका. लॅपटॉपमध्ये टीव्हीच्या एचडीएमआय वायरसाठी वेगळं साउंड कार्ड असू शकतं, आणि कधीकधी तेच पहिलं धरलं जातं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी याच्यापायी दोन रात्री घालवल्या. एफ६ दाबा, यादीतून दुसरं कार्ड निवडा. खांब तिथे सापडले तर मला कळवा. तेच कार्ड कायमचं पहिलं करायला दोन ओळींची फाइल लागते, ती मी फोनवर बसून लिहून घेईन.

एस्केप दाबून बाहेर या आणि दुसरी आज्ञा द्या. इंग्रजीत आधी 'फ्रंट लेफ्ट', मग 'फ्रंट राइट' ऐकू येईल. नाहीच आलं तर इयरफोनची पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करा. जॅकमध्ये धूळ असली की इयरफोन लावलेलेच आहेत असं समजून स्पीकर गप्प केला जातो.

तिसरी आज्ञा सेटिंग जपून ठेवायची. ती पासवर्ड मागेल; टाइप करताना अक्षरं उमटत नाहीत, तरी पूर्ण टाइप करून एंटर दाबा. आणि बाबा, बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करू नका, मेनूतूनच करा.

रविवारी सकाळी मी कॉल लावते. आई, कान नको, चेहरा दाखव.

तुमची,
लेक