मारवा किती वाजता?

पुणे

प्रिय मिलिंद,

तुझा प्रश्न वाचून आधी हसूच आलं. जूनमध्ये एडिंबराला सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात, डिसेंबरात साडेतीन-पावणेचारलाच दिवे लागतात, मग सूर्यास्ताचा राग मारवा ऐकायचा कधी? अरे, जूनमध्ये दहाला आणि डिसेंबरात दुपारच्या चहाबरोबर! प्रहर मोजायचे ते सूर्यावरून. संधिप्रकाश राग म्हणजे उजेड आणि अंधार एकमेकांत मिसळतात तेव्हाचे. आणि तुमच्याकडे ती वेळ इतकी रेंगाळते की संथ लयीतला विलंबित ख्याल निवांत संपावा. हेवा वाटतो.

दुसरा प्रश्न मात्र तू मुळावरच घाव घालणारा विचारलास. वेळ खरंच सुरांत असते का? माझं स्पष्ट मत, नुसत्या सुरांत नसते. आपला मध्यरात्रीचा मालकंस घे. त्याच पाच सुरांचा हिंदोळम् कर्नाटक संगीतात दिवसाउजेडीही खुशाल गातात, कुणाचं काही बिघडत नाही.

पण म्हणून ते सगळं थोतांडही नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी एकापाठोपाठ ऐक. तिघांत सूर तेच सहा. कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), पंचम (प) नाहीच. मारवा रिषभ-धैवतावर (रे-ध) अडून बसतो, षड्जावर (सा) येणं टाळत राहतो. पूरिया खाली मंद्रात उतरून गंधार-निषादाशी (ग-नी) बोलतो. सोहनी सगळी वर, तार षड्जाभोवती, आणि म्हणून ती रात्रीच्या शेवटच्या प्रहराची. भूप आणि देशकाराचंही तसंच. गंधाराला मान दिला की संध्याकाळचा भूप, धैवताला दिला की सकाळचा देशकार. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी (1860–1936) हेच नियमात बसवलं. वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात (पूर्वांगात) असेल तर राग दुपारी बारा ते मध्यरात्रीचा, वरच्या अर्ध्यात (उत्तरांगात) असेल तर मध्यरात्र ते दुपार. सकाळी शुद्ध मध्यमाचं राज्य, संध्याकाळी तीव्राचं. आता तोडीत तीव्र मध्यम असूनही ती सकाळची कशी, असं विचारशील. अपवाद आहेतच. राग आधी होते, नियम नंतर आला.

नियम कुणाचाही असो, सवय फार जुनी आहे. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त रागांना ऋतू आणि प्रहर नेमून दिले. ते राग आज त्या रूपात उरले नाहीत, पण वेळ पाळायची खोड उरली. इतक्या पिढ्यांनी भैरव पहाटेच ऐकला की तो कानाला पहाटेचाच वाटणार. मला एवढं कारण पुरतं.

खरी पंचाईत इकडे पुण्यात झाली आहे. 1953 साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, हे तुला सांगायला नको. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि मैफली दुपारी भरू लागल्या. शेजाऱ्यांच्या झोपेबद्दल माझी तक्रार नाही. पण भीमपलासी, मुलतानी, पूरिया धनाश्री यांची चंगळ झाली आणि दरबारी, अडाणा, ललित यांना हक्काची वेळच राहिली नाही. दरबारी साडेनऊला घाईत उरकलेला ऐकवत नाही मला. भैरवी तेवढी सुखात आहे. वेळ सकाळची, पण मैफल कधीही संपो, शेवटी तीच.

ऋतूंच्या रागांना ही अडचण नाही. पावसाळ्यात मल्हार आणि वसंतात बहार कुठल्याही प्रहरी चालतात. कुमार गंधर्वांनी तर ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे आख्खे कार्यक्रम ऋतूंवर बांधले. तुमच्याकडे पाऊस बारमाही, तेव्हा मियाँमल्हार कधीही लाव. मात्र ती रिपरिप बघता गौड मल्हार जास्त शोभेल असं वाटतं. मियाँमल्हाराला गडगडाट लागतो.

ललितची दोन-तीन ध्वनिमुद्रणं पाठवतोय. उजाडायच्या आत ऐक. जूनमध्ये तिकडे फारच लवकर उठावं लागेल, म्हणून डिसेंबरात ऐकलंस तरी चालेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास