टिपणीतले एक वाक्य

चि. मीनल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की दिवाळी तोंडावर आल्यामुळे फटाक्यांच्या तात्पुरत्या परवान्यांचे टेबल तुझ्याकडे दिले आहे, आणि पोलिसांचा अहवाल यायचा असतानाच ‘अहवाल अनुकूल आहे’ असे लिहून टिपणी सादर करायला तुला सांगण्यात आले. तू ते सहज सांगितलेस आणि नानीच्या गुडघ्याविषयी विचारू लागलीस. मी मात्र तेव्हापासून त्या एका वाक्यापाशी अडकलो आहे.

तू लिपिकाची परीक्षा पास झालीस आणि ज्या गृह शाखेत मी उमेदीची वर्षे काढली तिथेच, दुसऱ्या जिल्ह्यात का होईना, रुजू झालीस, हे मी आल्यागेल्याला सांगत असतो. तुला सांगायचे राहून जाते. तुला काम शिकवायचे नाही असेही मी ठरवले होते. तरी विस्फोटक नियम, २००८ एकदा मुळातून वाच. तात्पुरते शेड न जळणाऱ्या साहित्याचे असावे, दोन शेडमध्ये निदान ३ मीटर आणि घर, शाळा अशा संरक्षित बांधकामापासून ५० मीटर अंतर असावे, शेडची तोंडे समोरासमोर नसावीत, जवळ उघडी ज्योत नसावी, एका जागी ५० पेक्षा अधिक दुकाने नसावीत. अर्जात त्रुटी असतील तर सगळ्या एकदम कळव. एक पूर्ण झाली की दुसरी काढत बसलो तर त्या माणसाचा हंगाम हातचा जातो. पोच दिल्याशिवाय अर्ज ठेवून घेऊ नकोस. बघ, पुन्हा वरिष्ठासारखे बोलू लागलो. राग मानू नकोस.

जे तुझ्या आईलाही कधी सांगितले नाही ते आज लिहितो. एका वर्षी मीसुद्धा, अहवाल नस्तीत, म्हणजे फाइलीत, नसताना, ‘प्राप्त, अनुकूल’ असे लिहिले होते. कोणीतरी फोनवर सांगितले होते आणि दालनाबाहेर अर्जदारांची रांग लागली होती. संध्याकाळी घरी न जाता मी मैदानावर गेलो. दोन शेडमधून माणूस आडवा होऊनच जाईल एवढीच फट होती, तीही रिकाम्या खोक्यांनी भरलेली. दर्शनी बाजूला साड्यांचे पडदे लावले होते आणि कडेच्या वडापावच्या गाडीवर गॅसबत्ती फुरफुरत होती. दुकानदार मला ओळखत होता. त्याने कौतुकाने परवान्याची प्रत दाखवली. तिच्यावर सही साहेबांची होती, पण ती ज्या टिपणीवरून झाली ती माझ्या अक्षरातली होती. रात्रीच मी साहेबांच्या घरी जाऊन खरे ते सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी विक्री सुरू होण्याआधी शेड हलवले गेले. काही जळले नाही. तरी त्या पाडव्याला तू अंगणात फुलबाजी धरून उभी होतीस आणि मी तुझ्यावर विनाकारण ओरडलो, ते तुला आठवत असेल.

म्हणून पुन्हा सांगतो, ‘अहवाल अद्याप अप्राप्त, स्मरणपत्र दिले आहे’ एवढेच लिही आणि नस्ती वर जाऊ दे. पुढचा निर्णय ज्यांचा आहे ते घेतील. तुझा परिविक्षेचा काळ आहे, नोकरी अजून पक्की नाही, गोपनीय अहवालात कोणी काही लिहील, ही धास्ती मलाही आहे आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. दादा म्हणतो, बाबा, तिला तिचे बघू द्या. त्याचेही बरोबर आहे. पण तू त्या वाक्याखाली सही केली आहेस की नाही, हे कृपा करून कळव.

नाना शनिवारी तिकडे येणार आहेत. त्यांच्याबरोबर माझी कापडी टेप देत आहे. त्या मैदानावरून परतल्यावर घेतली होती, ३० मीटरची आहे. तिचा सुरुवातीचा तुकडा झिजून फाटला आहे, तेव्हा १ मीटरच्या खुणेपासून मोजायला लाग आणि आलेल्या आकड्यातून १ वजा कर.

तुझा,
बाबा